तीन पाइप आणि एक वायसर

गेली कित्येक वर्षं माझ्याकडे झाडांना पाणी घालायचं म्हणजे आधी मी भिजायचं आणि मग झाडांनी, असा क्रम होता. नळ सोडला की पाइपच्या जोडातून एक बारीक पिचकारी निघायची, ती बरोब्बर कोपरावर, आणि तिथून पाणी बाहीत. मग मी त्या जोडाला एक फडकं गुंडाळलं. फडकं टपटपायला लागलं तेव्हा त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली. पिशवीत पाणी साठून ती फुगायची आणि नळाला गळू झाल्यासारखं दिसायचं. एवढं सगळं करून मी निष्कर्ष काय काढला, तर पाइप खराब आहे! नवीन आणला, जुना कनेक्टर (पाइप नळाला जोडायचा तुकडा) काढून त्यालाच लावला, तोही गळायला लागला. मग म्हटलं हा हलका निघाला, जरा जाड आणू. तिसरा पाइप घरात आला तेव्हा नवरा म्हणाला, "तुला पाइप जमवायचा छंद लागलाय का?"

त्या रागात मी तो जोड आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण उघडून आत बघितलं. आत जो काळा रबरी वायसर असतो ना, तो चपटा होऊन नाण्यासारखा कडक झाला होता आणि एका बाजूने चिरला होता. नखाने उचकटायला गेले तर दोन तुकडेच हातात आले. डब्यात कधीकाळी पडलेला एक नवीन वायसर सापडला, तो बसवला, नुसतं हाताने आवळलं, नळ सोडला. कोरडं. ठणठणीत कोरडं. मी पाच मिनिटं त्या जोडाकडे बघत उभी होते आणि पाणी एका कुंडीतून वाहून चाललं होतं ते कळलंही नाही.

तेव्हापासून मी या फिटिंगच्या नादी लागले ते लागलेच. आणि माझं आता पक्कं मत झालंय की लोक (म्हणजे मी) पाइप निवडायला जेवढा वेळ घालवतात त्याचा दहावा भागही त्याच्या दोन टोकांवर घालवत नाहीत, आणि गडबड जवळपास नेहमी टोकांना असते.

आता टेफलॉन टेपचंच बघा. गळतंय म्हटलं की जो तो सांगतो टेफलॉन गुंडाळ. मी पण गुंडाळली होती, अर्धं रीळ संपवलं होतं. पण जोड दोन प्रकारचे असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. एका प्रकारात पाणी अडवायचं काम आटे स्वतः करतात, म्हणजे नळ भिंतीतल्या पाइपात बसवतो तसं, तिथे आट्यांच्या मधल्या फटी बुजवायला टेप लागतेच. पण बागेच्या पाइपचा जो हाताने फिरवायचा नट असतो त्यात आटे फक्त ओढून धरायचं काम करतात, पाणी अडवतो तो वायसर. तिथे टेप लावून काही फायदा नाही, उलट मी लावली होती तशी जाडजूड लावली तर नट मध्येच अडकतो, वायसरपर्यंत दाब पोचतच नाही आणि अजून गळतं. आणि जिथे टेप लावायची तिथेही दिशा महत्त्वाची, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर आवळताना सगळी गोळा होऊन बाहेर येते. (हे मी किती वेळा केलंय ते विचारू नका.)

पुढचा गोंधळ मापांचा. अर्धा इंची नळ म्हणतात त्याच्या आट्यांवर पट्टी ठेवून बघा, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि पट्टीवर दिसतात जवळजवळ २१! मला वाटलं माझी पट्टी चुकीची आहे. भानगड अशी की हे नाव जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे आणि आटे असतात त्याच पाइपच्या बाहेरच्या अंगावर, त्यामुळे अर्धा इंची आटे २१ मिलिमीटर, पाऊण इंची साडेसव्वीसच्या आसपास, आणि एक इंची तेहतीसच्या वर. पण बागेचा जो लवचिक पाइप असतो त्याचं माप मात्र खरंच आतल्या भोकाचं असतं. म्हणजे एकाच पाकिटावर दोन ठिकाणी अर्धा इंच लिहिलेलं असतं आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. आता मी कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) घेऊनच बसते, आणि नळाचा फोटो काढून ठेवलाय त्यावर माप लिहून.

याच्याही वरताण म्हणजे मी एकदा ऑनलाइन एक पितळी फिटिंग मागवलं, दिसायला फार देखणं, पाऊण इंची लिहिलेलं, माझ्या नळाचं अडॉप्टरही पाऊण इंची. दीड फेरा गोड फिरलं आणि मग अडलं. मला वाटलं नवीन आहे म्हणून कडक असेल, पक्कड घेतली आणि दिला जोर. कट्ट असा आवाज आला आणि माझ्या प्लास्टिकच्या अडॉप्टरचे आटे गेले ते गेलेच. नंतर समजलं की ते अमेरिकन होज आट्यांचं होतं, त्यात एका इंचात साडेअकरा आटे असतात, आणि ब्रिटिश पद्धतीच्या पाऊण इंचीत १४. जाडी जवळपास सारखी, त्यामुळे सुरुवातीला बसतंय असंच वाटतं, पण आट्यांमधलं अंतर वेगळं असल्यामुळे पुढे जातच नाही. तेव्हा दोन-तीन फेऱ्यांत अडलं तर जोर लावायचा नाही, काढून बघायचं. पितळ आणि प्लास्टिकच्या भांडणात प्लास्टिकच मरतं.

बरं, गळती थांबली. पण धार? धार तशीच मरतुकडी. इथे मी पहिल्यांदा शहाण्यासारखं वागले आणि मोजायचं ठरवलं. १० लिटरची बादली आणि फोनवरचं स्टॉपवॉच, बास, बाकी काही लागत नाही. पहिला अर्धा इंची २० मीटरचा पाइप लावून बादली भरायला लागली ७५ सेकंद, म्हणजे मिनिटाला ८ लिटर. तिसरा पाइप, जो पाऊण इंची होता, तो लावून ५५ सेकंद. मला वाटलं होतं की दीडपट रुंद आहे म्हणजे निदान दीडपट तरी पाणी येईल, खरं तर त्याहून बरंच जास्त यायला हवं, कारण पाइपचं भोक दीडपट झालं की तेवढ्याच दाबाला त्यातून अडीच-तीन पट पाणी जाऊ शकतं, आतल्या भिंतीशी होणारं घर्षण झपाट्याने कमी होतं ना. मग अडतंय कुठे?

अडत होतं पुन्हा टोकालाच. तो माझा लाडका जुना कनेक्टर, तो मुळात अर्धा इंची पाइपचा, त्याला एक रेड्युसर (दोन वेगळी मापं जोडणारा तुकडा) लावून मी तो पाऊण इंचीला जोडला होता. काढून त्याच्या नळीतून डोळा लावून बघितलं तर आतलं भोक जेमतेम पेन्सिलएवढं, मोजलं तर ८ मिलिमीटर. दुसऱ्या टोकाला गनचं (खटका दाबून पाणी मारायची मूठ असते ना, तिचं) तोंडही तेवढंच. म्हणजे हमरस्ता बांधायचा आणि दोन्ही टोकांना एकच माणूस जाईल एवढं फाटक ठेवायचं, तसला प्रकार. पूर्ण भोकाचं फिटिंग बसवलं, बादली ४० सेकंदात. पाइपला हातही लावला नव्हता.

पण एक सांगते, पाऊण इंची सगळ्यांनी घ्यावा असं माझं अजिबात म्हणणं नाही. भरलेला पाइप ओढायला जड जातो, २० मीटर अर्धा इंचीत साधारण अडीच लिटर पाणी मावतं आणि पाऊण इंचीत साडेपाच-पावणेसहा. चार कुंड्या असतील आणि नळ जवळ असेल तर अर्धा इंचीच बरा, आणि पाहिजे तेवढाच लांब. लोक उगाच ३० मीटर घेतात आणि २० मीटर नळाजवळ वेटोळं करून ठेवतात. त्या वेटोळ्यातूनही पाणी घासत घासतच येतं की.

दाबाचं गणित मी शेवटी शिकले, खरं तर आधी शिकायला हवं होतं. आमच्याकडे पाणी टाकीतून येतं, मोटरचा दाब नाही. टाकीतलं पाणी नळापासून १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार (बार हे दाब मोजायचं माप) दाब मिळतो. माझी टाकी नळापेक्षा ३ मीटर उंच, म्हणजे ०.३ बार, तोही नळ बंद असताना, पाणी वाहायला लागलं की त्यातलाही थोडा वाटेत खर्च. आणि मी हौसेने आणला होता गोल फिरणारा स्प्रिंकलर, ज्याला नीट फिरायला २ बारच्या आसपास दाब लागतो. तो एकदाही फिरला नाही. कडेकडेने लाळ गाळत बसायचा. मी त्याच्या बेअरिंगला दोष दिला, तेल घातलं, हाताने ढकललं, नवऱ्याने तर त्याला "चल रे बाबा" म्हणून समजावलंही. बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती.

आणि ते पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवून धार लांब मारायचं, ते सगळ्यात स्वस्त नोझल. लहानपणी बाबा असंच पाणी घालायचे आणि मला वाटायचं अंगठ्याने पाण्याला जोर येतो. जोर येत नाही, पाणी कमी सुटतं. कमी सुटलं की पाइपात घर्षण कमी, म्हणून टाकीचा जो काही दाब आहे तो जवळपास सगळा टोकापर्यंत पोचतो आणि तिथे बारीक फटीतून वेगात बाहेर पडतो. म्हणून अंगठ्याने धार लांब जाते पण बादली उशिरा भरते. करून बघा, बादली लावून.

पाइप बसवायची पण एक रीत आहे. टोक तिरकं कापलेलं असेल तर ते एका बाजूला कमी बसतं आणि तिथूनच सुटतं, म्हणून धारदार सुरीने एकदम सरळ कापायचं. मग टोक गरम पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवायचं, पीव्हीसी मऊ होतं, आणि ते खाचांच्या निपलवर (फिटिंगची जी नळी पाइपात घुसते तिच्यावर) ढकलायचं, फार अडलं तर साबणाचं पाणी लावायचं. तेल किंवा ग्रीस नको, नंतर पाइप घसरून निघतो. मेणबत्तीवर किंवा लायटरवर शेकवायचं तर अजिबात नको, मी केलं होतं, पाइप एका जागी पातळ होऊन चार दिवसांत तिथेच फाटला. निपल पूर्ण आत गेलं की वर क्लॅम्प. स्क्रूने आवळायचा स्टीलचा पट्टा असतो ना, ज्याला जुने लोक जुबिली क्लिप म्हणतात, त्याचं पेटंट एका ब्रिटिश नौदलातल्या माणसाने, कमांडर लम्ले रॉबिन्सनने, १९२१ मध्ये घेतलं. शंभर वर्षं झाली, अजून त्याच्याहून साधं काही निघालं नाही. फक्त आवळताना शक्ती दाखवायची नाही. पट्टा पाइपात रुतला की पाइप कापला जातो.

मला आवडणारी दुसरी वस्तू म्हणजे क्लिक करून बसणारे कनेक्टर. गार्डेना या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये ही पद्धत आणली आणि आता कितीतरी जण त्याच मापाचे बनवतात, त्यामुळे एकाची गन दुसऱ्याच्या कनेक्टरला बहुतेक वेळा बसते. यात एक पाणी थांबवणारा प्रकार मिळतो, गन काढली की आतला बारका व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, नळापर्यंत पळायला नको. तो गनच्या बाजूला लावायचा, नळाच्या बाजूला साधा. पण त्या व्हॉल्व्हमुळे वाट अजून अरुंद होते हे विसरायचं नाही, आणि माझ्यासारख्या कमी दाबवाल्यांनी तर तो घेऊच नये.

हे सगळं वाचताना मला एक मजेशीर गोष्ट सापडली. पाइपचा पहिला मोठा वापर झाडांसाठी नाही, आगीसाठी झाला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १६७०च्या दशकात यान व्हान डर हायडन नावाच्या माणसाने, जो मुळात चित्रकार होता, चामडं शिवून नळ्या केल्या, एकेक तुकडा साधारण ५० फुटांचा आणि टोकांना पितळी जोड. म्हणजे पितळी जोड साडेतीनशे वर्षं जुने आहेत! चामड्याच्या जागी रबर यायला मात्र चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून रबर तापवायची युक्ती शोधेपर्यंत थांबावं लागलं, त्याआधीचं रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचं. आत्ताचे आपले स्वस्त पीव्हीसी पाइप पण तेच करतात म्हणा.

कारण पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात मऊपणासाठी काहीबाही मिसळलेलं असतं, उन्हाने ते हळूहळू निघून जातं आणि पाइप खराट्याच्या काडीसारखा होतो. म्हणून सावलीत ठेवायचा. पारदर्शक पाइप दिसायला छान पण आत उजेड जातो आणि महिन्याभरात हिरवं शेवाळं, मग त्याच्या पापड्या सुटून नोझलमध्ये अडकतात. गडद रंगाचा, आणि मध्ये दोऱ्याची जाळी असलेला घ्यावा, जाळीमुळे दाबाने फुगत नाही. गन बंद करून नळ चालू ठेवून जायची सवय मला होती, ती मोडली, कारण मग सगळा दाब त्या पाइपात कोंडून राहतो आणि वरून ऊन. दुसऱ्या पाइपला अशीच एके दुपारी बेडकासारखी गाठ आली आणि फुटला. अजून एक, दुपारी पाइपात राहिलेलं पाणी चटका बसेल इतकं तापतं, ते आधी बादलीत सोडायचं आणि मग झाडांना. आणि पाइपचं पाणी प्यायचं नाही, मुलांना पण सांगून ठेवा.

गुंडाळण्याबद्दल मी तासभर बोलू शकते. हातावर कोपरापासून अंगठ्यापर्यंत गोल गोल गुंडाळलं की प्रत्येक वेढ्यागणिक पाइपात एक पीळ भरतो, आणि दुसऱ्या दिवशी ओढताना तो पीळ एका जागी येऊन मुरड पडते, की पाणी बंद. मग आपण तिथपर्यंत चालत जायचं, मुरड सोडवायची, परत यायचं, तोवर दुसरीकडे. त्यावर उपाय म्हणजे एक वेढा सरळ आणि पुढचा वेढा मनगट उलट वळवून आतल्या बाजूने घ्यायचा, परत सरळ, परत उलट. पीळ एकमेकांना मारतात. पहिल्या दिवशी डोक्याला ताप होतो, आठवड्यात हात आपोआप करायला लागतो. नाहीतर सरळ जमिनीवर इंग्रजी आठच्या आकड्यात टाकायचा. आणि खिळ्यावर टांगायचा नाही, सगळा भार एका बिंदूवर येऊन तिथे कायमची दुमड पडते, जुन्या बादलीचा बुडाकडचा भाग कापून भिंतीला ठोकलाय मी, त्यावर मस्त गोल बसतो.

एक प्रसंग सांगायचा राहिला. मी बादलीत पातळ खत कालवत होते, पाइपचं टोक बादलीच्या तळाशी, नळ चालू. तेवढ्यात टाकी संपली, आणि खाली कोणीतरी नळ सोडला. बादलीतलं पाणी वाढायचं सोडून कमी व्हायला लागलं! मी बघतच राहिले. दोन मिनिटांनी खालून आरडाओरडा, नळाला तपकिरी, वास मारणारं पाणी येतंय म्हणून. वरचा दाब गेला की पाइप उलटा ओढतो, हे शाळेत शिकले होते, पण ते माझ्या बादलीत होईल असं काही वाटलं नव्हतं. तेव्हापासून पाइपचं टोक पाण्याच्या वर धरायचं, आणि नळाला एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लावलाय, मूठभर वस्तू आहे.

गावाला जायचं असलं की ठिबक. त्याचं सगळं लिहीत नाही, फक्त दोन गोष्टी. सुरुवातीला फिल्टर लावाच, बारीक कचऱ्याने ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं) तुंबतात, आणि ते तुंबलेले झाड सुकल्यावरच कळतात. दुसरं, टायमर घेताना आत कसला व्हॉल्व्ह आहे ते विचारा. सोलेनॉइडवाल्यातल्या (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) बऱ्याच टायमरना उघडझाप करायलाच पाण्याचा दाब लागतो, टाकीच्या पाण्यावर ते नीट उघडत नाहीत किंवा बंदच होत नाहीत, आणि बंद न होणारा टायमर म्हणजे आठवडाभर चालू राहिलेला नळ. बॉल व्हॉल्व्हवाला (आत भोक असलेला गोळा असतो तो) मोटरने फिरतो, त्याला दाब नसला तरी चालतं. माझ्या ३० कुंड्यांना तासाला २ लिटरचे ड्रिपर आहेत, १५ मिनिटं सोडलं की प्रत्येकीला अर्धा लिटर. टाकीच्या एवढ्याशा दाबावर ते छापल्याइतकं पाणी देत नाहीत, म्हणून एका ड्रिपरखाली वाटी ठेवून मी १५ ची २५ मिनिटं केली.

पहिला पाइप मी टाकला नाही, त्याचे हातभर लांबीचे तुकडे करून नव्या रोपांच्या बुंध्याला काठीशी बांधायला वापरते, तारेने कापली जाते तशी साल कापली जात नाही. आणि नळाला आता एक छोटी डबी टांगलीय, त्यात सात-आठ वायसर. आज सकाळी गनच्या मुठीतून हातावर पाणी आलं. तिथे आत ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, असते म्हणतात, उद्या उघडून बघते.